वापराच्या बॅटऱ्या दोन हंगामांत निकामी होतात: संच दुप्पट करावा काय?

शिडवारा

नमस्कार. आमची शिडाची नौका दहा मीटर लांबीची आहे. वर्षातील सुमारे तीन महिने आम्ही दोघे तिच्यावर राहतो आणि त्यातील बहुतेक रात्री धक्क्याला नव्हे, तर नांगरावर जातात. इंजिन सुरू करण्यासाठी वेगळी बॅटरी आहे आणि तिच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. दुखणे आहे ते दिवे, फ्रिज, रेडिओ इत्यादींसाठी असलेल्या वापराच्या संचाचे. या संचात पाणी घालाव्या लागणाऱ्या, डीप सायकल प्रकारच्या, म्हणजे पुनःपुन्हा खोलवर उतरवून भरता येणाऱ्या दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या आहेत. प्रत्येक १२ व्होल्टची असून तिच्यावर २० तासांच्या दराने (म्हणजे २० तासांत संथपणे उतरवल्यास) ११० अँपिअर-तास असे छापलेले आहे. दोन्ही समांतर जोडल्यामुळे कागदावर २२० अँपिअर-तास मिळतात.

चार वर्षांतला हा दुसरा संच आहे. पहिला दुसऱ्या हंगामाच्या अखेरीस निकामी झाला आणि हाही त्याच वाटेने चालला आहे. धक्क्यावरून पूर्ण भरून निघालो, तरी तिसऱ्या पहाटे व्होल्टमीटर ११.८ दाखवतो आणि थोड्याच वेळात फ्रिज आपोआप बंद पडतो.

नांगरावरच्या एका दिवसाचा खर्च मी असा मांडला आहे. फ्रिज चालू असताना ४.५ अँपिअर घेतो आणि साधारण निम्मा वेळ चालतो, म्हणजे त्याचे ५४ अँपिअर-तास होतात. डोलकाठीवरचा नांगर-दिवा जुन्या पद्धतीचा, १० वॅटचा आहे आणि रात्रभरात तो ९ घेतो. केबिनमधील एलईडी दिव्यांना ८, रेडिओ ऐकण्याच्या स्थितीत ठेवण्यास ४ आणि पाण्याच्या पंपाला २ लागतात. लॅपटॉप व फोन इन्व्हर्टरवरून भरण्यासाठी सुमारे १७ धरले आहेत. एकूण ९४ झाले. ज्या दिवशी प्रवास असतो त्या दिवशी स्वयंचलित सुकाणू आणि चार्टप्लॉटर (पडद्यावर नकाशा व नौकेची जागा दाखवणारे यंत्र) मिळून आणखी २७ वाढतात.

भरण्यासाठी १०० वॅटचे एक सौर पॅनेल, इंजिनावरचा ६० अँपिअरचा अल्टरनेटर आणि धक्क्यावर असताना वापरण्याचा २० अँपिअरचा चार्जर आहे. नांगरावर असताना आम्ही रोज संध्याकाळी तासभर इंजिन चालवतो. बॅटऱ्या इंजिनाच्या कप्प्यातच, एका कडेला ठेवलेल्या आहेत.

आता संच दुप्पट करून ४४० अँपिअर-तासांचा करावा असे वाटते. जागा आहे, वजनाचीही अडचण नाही. हा विचार योग्य आहे काय, आणि पुढचा संच तरी टिकावा यासाठी देखभालीत काय बदलावे?

जुना तांडेल

तुम्ही खर्चाचा हिशोब आकड्यांत मांडलात याबद्दल प्रथम आभार मानतो, कारण असे प्रश्न बहुधा केवळ "बॅटरी लवकर उतरते" एवढ्या एका वाक्यात येतात. मात्र हा हिशोब अर्धाच आहे. खर्चाची बाजू तुम्ही लिहिलीत आणि जमेच्या बाजूला फक्त यंत्रांची नावे लिहिलीत. ती यंत्रे दिवसाकाठी प्रत्यक्षात किती अँपिअर-तास आत टाकतात हे लिहिलेले नाही, आणि माझ्या मते तुमच्या बॅटऱ्यांचे मरण नेमके तिथे आहे.

तो आकडा अंदाजाने काढू. १०० वॅटचे आडवे बसवलेले पॅनेल स्वच्छ उन्हाच्या दिवशी २५ ते ३० अँपिअर-तास देते. त्यावर डोलकाठीची किंवा बूमची, म्हणजे शिडाच्या तळाच्या आडव्या दांड्याची सावली पडत असेल तर याहून बरेच कमी, कारण एका कोपऱ्यावरची सावलीसुद्धा अख्ख्या पॅनेलचा प्रवाह खाली ओढते. अल्टरनेटरवरील ६० हा आकडा थंड यंत्राचा आणि चांगल्या फेऱ्यांचा असतो. नांगरावर मंद चालणाऱ्या इंजिनावर त्याच्या निम्म्याच्या आसपास प्रवाह मिळाला तरी समाधान मानावे, आणि बॅटरी भरत जाईल तसा तोही उतरतो. एका तासात २० ते २५ धरा. म्हणजे दिवसाची जमा सुमारे ५० झाली. लेड-ॲसिड बॅटरीत जेवढे घालाल तेवढे परत मिळत नाही, साधारण ८५ टक्केच हाती येते, हा तोटा आणखी वेगळा. समोर खर्च ९४ चा आहे. रोज ४५ ते ५० ची तूट घेऊन तुम्ही नांगरावर बसता, तेव्हा तिसऱ्या पहाटे फ्रिज बंद पडणे हे साध्या वजाबाकीचे उत्तर आहे.

संच दुप्पट केल्याने ही तूट एका अँपिअर-तासानेही कमी होत नाही. फ्रिज तिसऱ्याऐवजी पाचव्या किंवा सहाव्या पहाटे बंद पडेल आणि तोवर चार बॅटऱ्या अर्धपोटी राहिलेल्या असतील. हे मी अनुभवाने लिहितो आहे. काही वर्षांपूर्वी मीही नेमके हेच केले होते, भरण्याची साधने आहेत तशीच ठेवून संच दुप्पट केला, आणि दोन हंगामांनंतर दोनऐवजी चार बॅटऱ्या खांद्यावरून उतरवल्या.

बॅटरी अर्धपोटी राहिल्याने का मरते, हे समजून घेतल्याशिवाय देखभालीचे कोणतेही वेळापत्रक कामाचे नाही. डिस्चार्ज होताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होते. ते ताजे असेपर्यंत चार्जिंगमध्ये सहज विरघळते, पण दिवसेंदिवस तसेच राहिले तर त्याचे कठीण स्फटिक बनतात आणि तेवढा भाग कायमचा निकामी होतो. याला आपण सल्फेशन म्हणतो. ८० टक्क्यांपर्यंत बॅटरी उत्साहाने प्रवाह घेते, त्यापुढे मात्र ती हात आखडते आणि शेवटचा पंचमांश भरायला चार ते सहा तास लागतात, मग चार्जर कितीही मोठा असो. तासभर इंजिन चालवणारा माणूस त्या शेवटच्या पंचमांशापर्यंत कधीच पोहोचत नाही. महिनाभर नांगरावर राहिल्यास तुमची बॅटरी महिनाभर एकदाही पूर्ण भरलेली नसते.

याचा संचाच्या आकारावर थेट परिणाम होतो. लेड-ॲसिड बॅटरी ५० टक्क्यांच्या खाली नेऊ नये हा नियम तुम्हाला ठाऊक असेलच. पण वरचे २० टक्के कधी भरतच नसतील, तर वापरायला उरतो तो ५० ते ८० मधला पट्टा, म्हणजे २२० मधले फक्त ६६. याउलट रोज दुपारपर्यंत बॅटरी पूर्ण भरत असेल तर तोच संच ११० देतो. त्याच दोन बॅटऱ्या, पण भरण्याच्या पद्धतीनुसार त्यांचा उपयोगी आकार जवळजवळ दुप्पट किंवा निम्मा होतो.

म्हणून काहीही विकत घेण्यापूर्वी तीन गोष्टी मोजाव्यात अशी विनंती आहे. पहिली, संचाच्या ऋण टोकावर शंट, म्हणजे आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजणारे साधन, बसवून तीन दिवसांचा खरा खर्च. कागदावरचा खर्च आणि शंटवरचा खर्च जुळलेला मी आजवर पाहिलेला नाही. दुसरी, दोन्ही बॅटऱ्या एकमेकींपासून सोडवून, रात्रभर स्वस्थ ठेवून प्रत्येकीचे व्होल्टेज. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीनंतर १२.७ च्या आसपास आणि अर्धी १२.२ च्या आसपास दाखवते. फ्रिज चालू असताना घेतलेले वाचन फसवे असते, तेव्हा तुमचे ते ११.८ सुद्धा दिसते तेवढे वाईट नसेल. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, हायड्रोमीटरने बाराही सेलचे (प्रत्येक बॅटरीत असे सहा कप्पे असतात) विशिष्ट गुरुत्व, म्हणजे आतले ॲसिड पाण्याच्या किती पट जड आहे ते. झाकण उघडता येणारी बॅटरी असूनही जो हायड्रोमीटर बाळगत नाही, त्याने तिला पाणी घालण्याचा त्रास उगाच पत्करला असे मला वाटते.

तांब्याची तार

तांडेल यांनी सांगितलेल्या तीन मोजणींत मी चौथी जोडतो. धक्क्यावर नसताना इंजिन चालवा, अर्ध्या तासानंतर अल्टरनेटरच्या टोकावरचे व्होल्टेज मोजा, आणि लगेच वापराच्या संचाच्या टोकांवर मोजा. केबल पुरेशी जाड असेल तर या दोहोंत ०.२ ते ०.३ पेक्षा अधिक फरक असू नये. तुमच्याकडे इंजिनाची व वापराची बॅटरी एकाच अल्टरनेटरवर भरत असेल आणि मध्ये पंखांचा ॲल्युमिनियमचा ठोकळा दिसत असेल, तर तो डायोडचा विभाजक आहे, म्हणजे दोन्हींकडे प्रवाह जाऊ देणारा पण एकीतून दुसरीत न जाऊ देणारा. त्यातून जाताना सुमारे ०.७ व्होल्ट गळतात. १४.२ व्होल्टवर नेमलेला अल्टरनेटर मग बॅटरीपाशी १३.५ व्होल्टच पोहोचवतो आणि तेवढ्या व्होल्टेजवर पाणी घालण्याची बॅटरी तासाभरात भरणे शक्यच नसते. तिला भरताना १४.४ ते १४.८ व्होल्ट हवे असतात. १३.५ हे तर भरलेल्या बॅटरीला तशीच राखण्याचे, म्हणजे फ्लोटचे व्होल्टेज झाले.

बॅटऱ्या इंजिनाच्या कप्प्यात आहेत हे वाचून मला दुसरी काळजी वाटली. लेड-ॲसिडचे आयुष्य २५ अंश सेल्सिअसवर गृहीत धरलेले असते आणि सरासरी तापमान दर १० अंशांनी वाढले की ते ढोबळमानाने निम्मे होते. शिवाय गरम बॅटरीला भरण्याचे व्होल्टेज कमी लागते. १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी दर अंशामागे सुमारे ०.०३ व्होल्ट इतका हा बदल आहे, म्हणून चार्जरचा तापमान-संवेदक बॅटरीच्या टोकावरच बसवावा, चार्जरशेजारच्या भिंतीवर नव्हे. शक्य असेल तर संच केबिनच्या आसनाखाली हलवा. मात्र भरताना हायड्रोजन सुटतो आणि हवेत तो ४ टक्क्यांवर गेला की स्फोटक होतो, त्यामुळे पेटीच्या सर्वांत वरच्या भागातून त्याला बाहेर जायला वाट ठेवा.

पेटी बदलणारच असाल तर बांधणीकडेही लक्ष द्या. एबीवायसी या अमेरिकी संस्थेच्या मानकानुसार ९० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ४० किलोंच्या ओढीला बॅटरी एक इंचापेक्षा जास्त हलता कामा नये. त्याच संस्थेचा दुसरा मानक मुख्य फ्यूज बॅटरीपासून सात इंचांच्या आत असावा असे सांगतो, फक्त केबल आवरणातून नेली असेल तर हे अंतर वाढवण्याची सवलत आहे. फ्यूज बॅटरीचे नव्हे, तारेचे रक्षण करतो. फ्यूजच्या अलीकडे जेवढी तार उघडी राहील तेवढी बिनपहाऱ्याची राहते. बॅटऱ्या बिल्जच्या, म्हणजे नौकेच्या तळाशी साचणाऱ्या पाण्यापासून उंच ठेवा हेही आवर्जून सांगतो, कारण समुद्राचे पाणी सेलमध्ये शिरले तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

समांतर जोडणी कशी आहे तेही पाहा. धन केबल पहिल्या बॅटरीवरून आणि ऋण केबल दुसऱ्या बॅटरीवरून, म्हणजे तिरपी निघायला हवी. दोन्ही केबल एकाच बॅटरीवर जोडलेल्या असतील तर ती बॅटरी जास्त राबते आणि दुसरी मागे राहते.

शिडवारा

सविस्तर उत्तरांबद्दल दोघांचेही आभार. गेले दहा दिवस सांगितल्याप्रमाणे मोजण्यात घालवले आणि निकाल थोडे लाजिरवाणे आहेत.

शंटने तीन दिवसांची सरासरी ११६ अँपिअर-तास दाखवली. ९४ आणि ११६ मधला फरक शोधताना लक्षात आले, की इन्व्हर्टर आम्ही कधीच बंद करत नव्हतो. त्याला काहीही जोडलेले नसले तरी तो स्वतःसाठी ०.८ अँपिअर घेतो आणि चोवीस तासांत ते १९ होतात. उरलेले तीनेक गॅस-सूचक आणि संगीतयंत्राच्या घड्याळाचे निघाले.

अल्टरनेटरपाशी १४.२ आणि संचापाशी १३.५ व्होल्ट मिळाले. पंखांचा ठोकळा आहे. आधीच्या मालकाने बसवलेला होता आणि तो थंड राखण्याचे काहीतरी साधन असावे असे मी इतकी वर्षे समजत होतो.

धक्क्यावरच्या चार्जरने दिवसभर भरून, बॅटऱ्या सोडवून, रात्रभर ठेवल्यावर पहिलीचे व्होल्टेज १२.४० आणि दुसरीचे १२.२८ आले. पहिलीचे सहाही सेल १.२२० ते १.२३० या पट्ट्यात आहेत. दुसरीचे पाच सेल १.२१५ च्या आसपास आहेत, पण एका टोकाचा सेल १.१५० दाखवतो. बॅटरीचे तापमान २५ अंशांच्या जवळ होते, म्हणून दुरुस्ती केलेली नाही. पातळी सर्वत्र ठीक होती, फक्त त्याच सेलमध्ये पाणी किंचित कमी होते. केबल तिरप्या नाहीत, दोन्ही पहिल्याच बॅटरीवर आहेत.

आता विचारतो: हा संच वाचवता येईल काय, आणि नाही तर पुढचा किती मोठा घ्यावा?

जुना तांडेल

लाजण्याचे कारण नाही. इन्व्हर्टरचा तो छोटा हिरवा दिवा पुष्कळ नौकांवर वर्षानुवर्षे निष्पापपणे जळत असतो.

आधी निदान करू. पूर्ण भरलेल्या सेलचे गुरुत्व १.२६५ ते १.२८० असायला हवे. दिवसभर चार्जरवर ठेवूनही अकरा सेल १.२३० च्या वर गेले नाहीत, हे दीर्घकाळच्या उपासमारीचे लक्षण आहे. बाराव्या सेलचे दुखणे वेगळे आहे. एकाच बॅटरीतील सेलमध्ये ०.०५० पेक्षा जास्त फरक पडला की तो सेल आजारी समजावा, आणि तुमचा फरक ०.०६५ आहे. व्होल्टमीटरवर हा रोगी जवळजवळ दिसतच नाही, कारण एका सेलची तूट सहांच्या बेरजेत केवळ शतांश व्होल्टांची होते. समांतर जोडलेल्या स्थितीत तर निरोगी बॅटरी रात्रभर आजारी शेजारणीला दूध पाजत राहते आणि दोघीही सकाळी सारख्याच थकलेल्या दिसतात.

उपाय म्हणून इक्वलायझेशन करून पाहा, म्हणजे नियंत्रितपणे जास्त व्होल्टेजवर भरणे. फक्त झाकण उघडणाऱ्या बॅटरीवरच हे करायचे असते, एजीएम किंवा जेल या बंद, पाणी न घालता येणाऱ्या बॅटरीवर ते केल्यास ती खराब होते. आधी नेहमीच्या पद्धतीने पूर्ण भरा. मग नौकेवरील प्रत्येक उपकरण संचापासून तोडा, कारण १५.५ व्होल्ट फ्रिजच्या किंवा रेडिओच्या मंडलाला सोसतीलच असे नाही. त्यानंतर एका वेळी एकच बॅटरी सुमारे १५.५ व्होल्टवर ठेवा, चार्जरने तशी सोय दिली असेल तरच. दर तासाला गुरुत्व मोजा आणि सलग तीन वाचनांत ते वाढले नाही की थांबा. ॲसिड ५० अंशांपर्यंत तापले तर आधीच थांबा. खिडक्या उघड्या, डोळ्यांवर चश्मा, हातात मोजे, आणि हे चालू असताना बॅटरी सोडून जाऊ नये. अकरा सेल सुधारतील असे वाटते. बाराव्याविषयी मला फारशी आशा नाही.

आता नव्या संचाचा आकार. खर्चापासून सुरुवात करू, कारण वाचवलेला अँपिअर-तास भरावाही लागत नाही आणि साठवावाही लागत नाही. इन्व्हर्टर गरजेपुरताच चालू केला की १९ वाचतात. नांगर-दिव्यात एलईडी बसवला तर ९ ऐवजी २ लागतात. लॅपटॉप थेट १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर भरला तर आणखी दोनेक वाचतात. ११६ वरून तुम्ही ८८ वर आलात, तेही कोणतीही सोय न सोडता. फ्रिजच्या पेटीला बाहेरून आणखी इन्सुलेशन लावता आले आणि कंडेन्सरला हवा मिळाली तर याहून खाली याल, पण ते मोजल्याशिवाय धरू नका.

जमेच्या बाजूला ३५० वॅटचे सौर पॅनेल आणि एमपीपीटी नियंत्रक (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा) धरा. चांगल्या दिवशी त्यातून ९० ते १०५ येतील. दिवसाचा खर्च पॅनेल परस्पर भागवते, त्यामुळे १५ टक्क्यांचा तोटा फक्त रात्रीच्या खर्चाला लागतो आणि ८८ चा हिशोब जेमतेम जमतो. याहून मोठा फायदा असा, की पॅनेल दुपारभर हळूहळू भरत राहते. लेड-ॲसिडला शेवटच्या पंचमांशासाठी तेच हवे असते आणि इंजिन ते परवडेल अशा रीतीने कधीच देऊ शकत नाही. मंद, बिनभाराचे इंजिन तासन्‌तास चालवणे डिझेलसाठीही वाईट असते.

अशी भरण होत असेल तर एका दिवसाला ८८ साठी ५० टक्क्यांच्या नियमाने १७६ पुरतात. त्यावर ढगाळ दिवसासाठी आणि म्हातारपणी कमी होणाऱ्या क्षमतेसाठी भर घालून मी ३०० ते ३३० च्या दरम्यान थांबेन. ४४० घेऊ नका असे नाही, पण ३५० वॅट एवढ्या मोठ्या संचाला प्रत्येक ढगाळ आठवड्यानंतर सावरायला फार वेळ घेतील, आणि अर्धपोटी राहण्याची तीच कहाणी पुन्हा सुरू होईल.

छापील क्षमतेबद्दल एक खुलासा. ११० हा आकडा २० तासांच्या दराचा, म्हणजे ५.५ अँपिअरचा आहे. प्रवाह वाढला की मिळणारी क्षमता घटते, हे जर्मन शास्त्रज्ञ पॉयकर्ट यांनी १८९७ मध्ये सूत्रात मांडले. १.२ हा घातांक धरला तर १०० अँपिअर-तासांची बॅटरी २५ अँपिअरने रिकामी करताना सुमारे ७२ च देते. तुमचा खर्च संथ आहे, म्हणून तुम्हाला याची झळ कमी लागेल. पण हजार वॅटची किटली इन्व्हर्टरवर लावायचा मोह झाला तर तो प्रवाह शंभर अँपिअरच्या घरात जातो, हे लक्षात असू द्या.

ओहोटी

तांडेल यांच्या हिशोबाशी मी सहमत आहे, पण त्यांच्या निष्कर्षाशी पूर्णपणे नाही. दुखणे अर्धपोटी राहण्याचे असेल, तर अर्धपोटी राहण्याने जिचे काहीही बिघडत नाही अशी बॅटरी का घेऊ नये? लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ६० टक्क्यांवर महिनाभर राहिली तरी तिला सल्फेशन होत नाही, उलट साठवणुकीत तिला अर्धे भरलेले असणेच मानवते. तिच्या क्षमतेचे ८० टक्के निर्धास्त वापरता येतात, म्हणजे २०० अँपिअर-तासांत १६० मिळतात. घातलेले जवळजवळ सगळे परत येते आणि अगदी शेवटापर्यंत ती प्रवाह घेत राहते. वजनही लेडच्या निम्म्याहून कमी असते, परंतु नांगरावर राहणाऱ्यासाठी मला वजनापेक्षा हा पहिला गुण मोठा वाटतो.

मात्र जुनी बॅटरी काढून त्याच जागी ही ठेवली आणि काम झाले, असे समजू नये. ती भरताना एवढा प्रवाह मागते की तुमचा ६० अँपिअरचा अल्टरनेटर तासन्‌तास पूर्ण भाराने चालून जळू शकतो. म्हणून अल्टरनेटर इंजिनाच्या बॅटरीलाच जोडलेला ठेवावा आणि तिथून ३० अँपिअरच्या डीसी-डीसी चार्जरने लिथियम भरावी. याचा दुसरा लाभ असा, की आतील संरक्षक मंडलाने, म्हणजे बीएमएसने, अचानक बॅटरी तोडली तरी अल्टरनेटरला लेड बॅटरीचा आधार राहतो. तो आधार नसता तर व्होल्टेज उसळून त्याचे डायोड उडतात. शून्य अंशाखाली ही बॅटरी भरता येत नाही. तिचा शॉर्ट-सर्किट प्रवाह हजारो अँपिअरमध्ये जातो, त्यामुळे मुख्य फ्यूज टी वर्गाचा, म्हणजे एवढा प्रचंड प्रवाह सुरक्षितपणे तोडू शकणारा असावा. आणि तिचे व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असल्याने व्होल्टमीटरवरून शिल्लक कळत नाही, शंट अपरिहार्य होतो.

जुना तांडेल

ओहोटी यांचा मुद्दा रास्त आहे आणि वर्षातील दहा महिने नौकेवर राहणाऱ्याला मीही तेच सांगेन. पण इथे तीन महिन्यांचा वापर आहे, उरलेले नऊ महिने नौका धक्क्याला चार्जरवर असते, आणि फ्लोटवर स्वस्थ राहणे लेड-ॲसिडला आवडते. निवड शिडवारा यांनी करावी. तूट मात्र दोन्ही बाजूंनी सारखीच भरून काढावी लागेल. लिथियमने ८८ चे ५० होत नाहीत.

लेडच घेतली तर देखभाल थोडकी आहे, पण ती चुकवून चालत नाही. महिन्यातून एकदा, उष्ण हवेत पंधरवड्याला, पाण्याची पातळी पाहा. पाणी डिस्टिल्डच घाला आणि ते भरण झाल्यानंतर घाला, कारण भरताना द्रव फुगतो व आधी काठोकाठ भरलेले बाहेर सांडते. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र आधी त्या बुडतील इतके घालून मगच भरा. ॲसिड कधीही वरून घालू नये. उडते ते पाणी, ॲसिड आतच असते. झाकणे घट्ट लावून वरचा भाग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसावा, सोड्याचा एक थेंबही सेलमध्ये जाता कामा नये. टोके स्वच्छ करून, आवळून, मग वरून पेट्रोलियम जेली लावावी. पुष्कळ जण आधी जेली लावून मग आवळतात, ते चूक.

बाराही सेलचे गुरुत्व महिन्यातून एकदा वहीत उतरवा, तापमानासह. तापमान २५ च्या वर दर ५.५ अंशांमागे वाचनात ०.००४ मिळवायचे आणि खाली असल्यास वजा करायचे. शंटमध्ये चार्जिंगची कार्यक्षमता ८५ टक्के आणि पॉयकर्टचा घातांक १.२ भरा. १४.६ व्होल्टवर प्रवाह क्षमतेच्या २ टक्क्यांखाली उतरला की बॅटरी भरली असे त्याला सांगा. अधूनमधून खरोखर पूर्ण भरून तो १०० वर आणला नाही तर त्याची चूक रोज थोडी साचते आणि महिन्याभरात तो निखालस खोटे बोलू लागतो.

नौका थंडीत काढून ठेवत असाल तर बॅटरी भरूनच ठेवा. १.२६५ गुरुत्वाचे ॲसिड उणे ५० अंशांवरही गोठत नाही, पूर्ण उतरलेल्या बॅटरीतले मात्र उणे सात-आठ अंशांवर गोठून कवच फोडू शकते.

तांब्याची तार

विभाजकाविषयी: तो काढून त्या जागी व्होल्टेज ओळखणारा रिले बसवा. इंजिनाची बॅटरी भरू लागली की तो दोन्ही संच जोडतो, इंजिन थांबून व्होल्टेज उतरले की तोडतो, आणि त्यात डायोडसारखी गळती नसते. लिथियम घेणार असाल तर रिले नको, ओहोटी म्हणतात तसा डीसी-डीसी चार्जरच हवा. केबलची जाडी ठरवताना जाण्या-येण्याची मिळून लांबी धरा. महत्त्वाच्या जोडण्यांसाठी ३ टक्क्यांपेक्षा अधिक व्होल्टेज गळू नये हे प्रमाण आहे, पण भरण्याच्या केबलसाठी मी त्याहूनही काटेकोर राहतो, कारण १४.४ चे ३ टक्के म्हणजे ०.४ व्होल्ट होतात आणि तेवढ्यानेच भरण पुन्हा अर्धवट राहते.

शिडवारा

विभाजक काढून रिले बसवला आणि केबल तिरप्या केल्या. आता इंजिन चालू असताना संचापाशी १४.० व्होल्ट मिळतात. नांगर-दिवा बदलला, आणि इन्व्हर्टरची कळ दाराजवळ आणली आहे.

दोन्ही बॅटऱ्यांचे एकेक करून इक्वलायझेशन केले, प्रत्येकीला सुमारे पाच तास लागले. पहिलीचे सर्व सेल १.२६० च्या वर गेले, हे मला अपेक्षितच नव्हते. दुसरीचे पाच सेल १.२५० पर्यंत आले आणि टोकाचा तो सेल १.१७० वर येऊन थांबला. शेवटची तीन वाचने तीच आहेत. ती बॅटरी उद्या उतरवतो आहे. पॅनेलांसाठी मागच्या बाजूला लोखंडी कमान करायची आहे, तिचे माप घेऊन झाले. लेड की लिथियम हे अजून ठरलेले नाही, ते पॅनेल बसल्यावर महिनाभर शंट पाहून ठरवेन. तोपर्यंत एकट्या पहिल्या बॅटरीवर, फ्रिज रात्री बंद ठेवून, जवळच्या फेऱ्या करणार आहे. तिला नव्या बॅटरीशी समांतर जोडावे काय, एवढी शेवटची शंका आहे.

जुना तांडेल

जोडू नका. जुनी आणि नवी समांतर ठेवली की नवीला लवकरच जुनीचे वय येते. जुनी बॅटरी इंजिनाच्या बॅटरीची राखीव जोडीदार म्हणून वेगळ्या कळीवर ठेवा.